बिननावाची घागर

कस्तुरामावशी भोळी होती असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. मेथीची जुडी घेताना ती दोरा सोडून आतली पानं बघते. माझ्याकडे ब्लाऊज शिवायला टाकते तेव्हा उरलेली चिंधीसुद्धा परत मागते, आणि ती उजेडात धरून आपल्याच कापडाची आहे ना याची खात्री करून घेते. रिक्षावाला असो, रेशनवाला असो, की विहारात वर्गणी मागायला आलेले आमचेच भाऊ असोत, आधी बघीन आणि मग बोलीन हा तिचा खाक्या. अशी बाई फसली. कारण जिथे फसली तिथे तिनं बघितलंच नाही. अनिताचं काय बघायचं, असं तिला वाटलं.

मी मैत्री. कुरणवाडीत विहारासमोर माझं शिलाईचं दुकान आहे. मावशी माझी सख्खी कुणी नाही, आमची भिंतीला भिंत आहे. माझी आई शिफ्टला गेली की मला भरवायचं काम मावशीकडे असायचं, म्हणून ती मावशी.

तळवडे मागे टाकून चाकणच्या दिशेने निघालात की आमचं गाव लागतं. एका अंगाला गावठाण, दुसऱ्या अंगाला आमची वस्ती आणि मध्ये चौक. गावठाणाची शेती कंपन्यांच्या शेडखाली गेली. उरलेल्या जागेवर त्यांनी खोल्या बांधल्या आणि बिहार-ओडिशाच्या माणसांना भाड्याने दिल्या. आमच्याकडचे म्हातारे सगळे कामगार, त्यांची मुलं आता कुणी नर्स आहे, कुणी वाकडला कॅब चालवतं. भांडण म्हणाल तर काही नाही. आम्ही एकमेकांच्या मयताला जातो, लग्नाला आहेर करतो. फक्त त्यांच्या पंगतीला बसायची वेळ आली की आमच्यातल्या पुष्कळांना घाई असते, आणि ते आमच्याकडे आले की नेमका त्यांचा उपास असतो. याला कुणी काही म्हणत नाही. इतकी वर्षं सगळे यातच शहाणपण मानत आलेत.

मावशी आणि अनिता यांची गाठ पडली ती गावात नाही, कंपनीत. तळवड्याला पितळी नळ ओतणारी एक छोटी फाउंड्री आहे. नळ आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात वाळूचा गाभा ठेवतात, त्याला कोअर म्हणतात, आणि ते कोअर करायचं काम बायकांकडे असतं. मावशीचा नवरा भीमराज तिथेच भट्टीवर होता. तो गेला आणि मालकाने मावशीला कामावर घेतलं. आता ती साठीला टेकली तरी तिच्या हातचा कोअर तुटत नाही. अनिता तिच्या मागून लागली. गावठाणातली, माजी सरपंच जयसिंगची धाकटी भावजय. शेत गेलेलं, नवऱ्याने अंथरूण धरलेलं, मग काय करणार. पहिल्या आठवड्यात तिचे कोअर हातात घेतले की फुटायचे आणि ती रडायची. मावशीने तिला वाळू मुठीत किती आवळायची ते आपल्या हातावर तिचा हात ठेवून शिकवलं.

तेव्हापासून दोघी जेवायला एकत्र. जमिनीवर पुठ्ठा टाकायच्या आणि समोरासमोर बसायच्या. मावशीच्या डब्यातलं सुकटीचं कालवण अनिता बोटं चाटून खायची, अनिताची भाकरी मावशी घ्यायची, आणि पाण्याची बाटली एकच असायची. अनिताला कावीळ झाली तेव्हा तिच्या वाटणीचे कोअर मावशीने आपल्या कामात बेमालूम मिसळून टाकले, सुपरवायझरला पत्तासुद्धा लागला नाही. बारा-तेरा वर्षं हे असं चाललं.

गावात आल्यावर मात्र अनिता आमच्या दाराशी उभ्यानेच बोलायची. चहा नको, आत्ताच झाला, गडबड आहे. मावशी तिच्याकडे जायची तर अंगणापर्यंत. मी एकदा मावशीला टोचून विचारलं होतं.

"तिला सासू हाय गं घरात," मावशी म्हणाली. "कंपनीत खाती ना? मंग झालं तर."

आता घागरीकडे येते. मावशी जालन्याकडची. तिच्या आईचं नाव सोजरबाई. गावच्या विहिरीला सोजरबाईला हात लावायची मुभा नव्हती. काठावर बसून राहायचं, कुणाला दया आली की तो वरून पाणी ओतणार आणि ही ओंजळ धरणार. निम्मं पाणी कोपरावरून गळून जायचं. मावशी तेव्हा एवढीशी होती. आईच्या कोपरावरून गळणारं ते पाणी ती खाली जीभ लावून प्यायची. हे सांगताना ती हसते, मला मात्र अजून हसायला जमलेलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात सोजरबाई खडी फोडायला गेली आणि त्या पैशातून तिने जालन्याच्या बाजारातून पितळेची घागर आणली. भांड्यावर नाव घालणाऱ्याने विचारलं, मालकाचं नाव काय? ती म्हणाली, "माझं घाल. सोजरबाई. येवढंच." तिला वाचता येत नव्हतं. ठिपक्यांच्या त्या अक्षरांवरून ती बोट फिरवायची. ती गेल्यावर भावांनी घराचे पत्रे वाटून घेतले आणि मावशीच्या वाट्याला घागर आली. आईचं म्हणून तिच्याजवळ तेवढंच होतं.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीनंतर तेजल नावाची एक चित्रकार मुलगी गावात आली. चित्रकार म्हणजे ती चित्रं काढायची नाही, लोकांना एकत्र करून त्यांच्याकडून काहीतरी घडवून घ्यायची. कुठल्याशा कंपनीने त्यासाठी निधी दिला होता. मुलगी चांगली होती, मी उगाच नावं ठेवणार नाही. दोन्हीकडे जमिनीवर बसायची, दोन्हीकडे चहा प्यायची. तिचं म्हणणं असं, की प्रत्येक घराने पितळेचं एक भांडं द्यायचं, रोजच्या वापरातलं. सगळी एकत्र वितळवायची आणि त्यातून एकच मोठी घागर ओतायची. ती चौकात बसवायची, तिला तोटी लावायची. शिफ्ट सुटून पायी जाणारा कामगार असो नाहीतर ट्रकचा ड्रायव्हर, तहान लागेल त्याने प्यावं. हे तिने मंदिराच्या मंडपातही सांगितलं आणि आमच्या विहारातही.

"भांड्यांवर नावं असतात ना, ती सगळी वितळून जातील," ती म्हणाली. "नव्या घागरीवर कुणाचंच नाव नसेल. म्हणून ती सगळ्यांची."

घागर ओतायला मावशीच्याच फाउंड्रीचा मालक तयार झाला. भांडी गोळा करायचं काम तेजलने मावशीवर आणि अनितावर टाकलं, आणि त्यातही अशी वाटणी केली की मावशीने गावठाणात फिरायचं आणि अनिताने वस्तीत. मावशी नवी साडी नेसून गेली. अनिताच्या सासूने, गवराबाईने, आपल्या लग्नातला हंडा स्वतःच्या हाताने तिच्या हातात दिला. बाकी काही घरांत भांडं उंबऱ्यावर ठेवून बाई आत निघून गेली आणि मावशीने ते वाकून उचललं. मी दुकानातून बघत होते. मी विचारलं तर म्हणाली, "कामात असत्यात बाया."

स्वतः काय द्यायचं यावर तिचं अडलं नाही, माझं अडलं. मी म्हटलं, मावशी, पळी दे, तांब्या दे, आईची घागर कशाला? नाव जाईल.

"पळी दिल्यावर माय कशी जाईल त्यात?" ती म्हणाली. "जनमभर वरून पानी घेतलं तिनं. आता समदं गाव तिच्यातनं पिईल. नाव गेलं तर गेलं, ती ऱ्हाईल ना."

अनिता जयसिंगचा टेम्पो घेऊन वस्तीत आली. सगळ्यांची भांडी पोत्यात पडली, माझी पितळी परातसुद्धा. मावशीने घागर चिंचेने घासून लख्ख केली होती. पोत्यात न टाकता तिने ती अनिताच्या हातात दिली आणि नावावर बोट ठेवून म्हणाली, "हे मायचं नाव. दुसऱ्याच्या हाती देऊ नको, तूच ने."

"माझ्याच आईची समजून नेते, ताई," अनिता म्हणाली. मी तिथे उभी होते. टेम्पो सुरू झाला तरी ती घागर तिच्या मांडीवरच होती.

अख्खी भांडी भट्टीच्या मुशीत मावत नाहीत. ती आधी चेपून, तोडून त्यांचे तुकडे करावे लागतात. ते काम भंगारवाल्याच्या प्रेसवर झालं आणि नेण्या-आणण्याची जबाबदारी जयसिंगने घेतली. त्यामुळे रविवारी फाउंड्रीत भट्टीजवळ जे आलं ते चपटे, वाकडे पितळी तुकडे. कुणाचं कुठलं ते ओळखू येत नव्हतं आणि तेजलला तर तेच हवं होतं. दोन्हीकडचे लोक जमले होते. प्रत्येकाने एकेक तुकडा हातात घेतला. मधल्या पोकळीसाठीचा मोठा कोअर मावशी आणि अनिताने मिळून तीन दिवस खपून केला होता. तुकडा घ्यायची वेळ आली तेव्हा मावशीने ढिगाकडे बघितलं आणि अनिताला विचारलं, "माझी कोणती असंल गं?"

अनिता वाकली, तिने ढीग चाळला आणि एक पिवळा तुकडा उचलून मावशीच्या हातात दिला. "ही बघा. गळ्याचा काठ दिसतोय."

मावशीने तो कपाळाला लावला आणि भट्टीवाल्याच्या चिमट्यात दिला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि अनिताने तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. त्याचा फोटो निघाला. तेजलने तो सगळीकडे दाखवला, मुंबईच्या प्रदर्शनातही लावला.

घागर बसवायची ती चौदा एप्रिलला, असं आमच्याकडच्यांचं म्हणणं होतं. गावठाण म्हणालं यात्रेनंतर बघू. शेवटी एक मेवर तडजोड झाली. जयसिंगने समतेवर भाषण केलं आणि पहिला पेला तो प्यायला. मग गवराबाई प्यायली, मग रांगच लागली. अनिता पाणी पिऊन मावशीकडे वळली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आईच्या हातचं पाणी गोड लागतंय, ताई." मावशी त्या दिवशी जेवली नाही, तिला भूकच लागेना.

पुढे मे ते डिसेंबर, दर रविवारी सकाळी मावशी चिंचेचा गोळा आणि मीठ घेऊन चौकात जायची आणि ती घागर घासायची. एवढी मोठी घागर, अंग मोडून जायचं. मी म्हणायचे, मावशी, गावठाणातल्या एखादीला सांग की. ती म्हणायची, माझ्या मायचं अंग मी घासीन. रोज संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन आज कोण कोण पाणी प्यायलं ते सांगायची. उंबऱ्यावर भांडं ठेवून आत गेलेल्या बायासुद्धा तिने बरोबर हेरून ठेवल्या होत्या. "आज ती प्यायली," असं म्हणताना तिचं तोंड लहान मुलीसारखं व्हायचं. मी म्हणायचे, हजेरी घेतेस की काय? कुणी परप्रांतीय कामगार पाणी पिताना विचारायचा, मौसी, किसका है ये? त्याला ती तिच्या हिंदीत सांगायची, "सबका है. पियो, पियो."

डिसेंबरात अनिताच्या मुलाची, ओमची हळद होती. मावशी सकाळपासून त्यांच्या अंगणात मदतीला. मी अनिताचा ब्लाऊज द्यायला गेले होते, म्हणून जे झालं ते डोळ्यांनी बघितलं. पाहुण्यांना बसायला चटया कमी पडल्या. मागच्या शेडमध्ये आहेत असं कुणीतरी ओरडलं आणि मावशी आपणहून उठली. शेडमध्ये चटयांची गुंडाळी ओढली तशी तिच्या मागची पोती कलंडली आणि भांड्यांचा आवाज झाला. मी आवाजाने आत गेले. पोत्याच्या तोंडातून माझी परात बाहेर आली होती. तिच्यावर माझ्या आईचं नाव होतं. शेजारी वस्तीतले तांबे, पळ्या, समया, सगळं जसंच्या तसं. आणि मावशी खाली बसली होती, मांडीवर आईची घागर घेऊन. कुठे पोचा नाही, ओरखडा नाही. ती नावावरून बोट फिरवत होती.

मला वाटलं आता ही किंचाळेल. ती उठली, पदराने घागर पुसली आणि कमरेवर घेऊन अंगणात आली. अनिताचे हात हळदीने भरलेले होते.

"ही वितळली व्हती ना?" मावशीने विचारलं.

अनिताने घागर बघितली. "ताई, आत चला," एवढं ती म्हणाली आणि मध्येच थांबली. मग मावशीला भिंतीच्या कडेला घेऊन गेली. "इकडं या. सांगते सगळं. भावजी म्हणाले, वस्तीतली भांडी घातली तर गावातलं कुणी त्या घागरीला तोंड लावायचं न्हाई, कोरडी उभी ऱ्हाईल. बाहेरून तेवढंच पितळ आणून घातलं. वितळल्यावर कुणाला कळतंय, म्हणाले. बाकीची भांडीबी भंगारात जायची व्हती, मीच जाऊ दिली न्हाई. तुमच्या घागरीला तर मी हात लावू दिला न्हाई कुणाला. तुमच्या आईची हाय म्हणून."

"आणि तो तुकडा?"

"तुमी मागितलात, ताई. मी काय करणार व्हते?"

मला तेव्हा तो तुकडा आठवला, कपाळाला लावलेला. कुणाच्या मोरीतला जुना नळ असेल तो. आणि आठ महिने ही अनिता कंपनीत तिच्यासमोर बसून जेवत होती, येता-जाता तिला घागर घासताना बघत होती. एकदा तरी तिने म्हणायचं, ताई, नका घासू. सांगायचं नव्हतं तर निदान तेवढं तरी.

अंगणात नळ होता. मावशीने घागर विसळली, भरली. पाहुण्यांसाठी पेले धुऊन पालथे घातले होते, त्यातला एक उचलला, घागरीतून भरला आणि अनितासमोर धरला.

"पी," ती म्हणाली.

गवराबाई बाजेवर बसून बघत होती. अनिताने पेल्याकडे पाहिलं, मग सासूकडे. तेरा वर्षं या बाईच्या डब्यात बोटं घालून जेवली होती ती, तिच्या बाटलीला तोंड लावून पाणी प्यायली होती. मला मनापासून वाटत होतं की ती पेला घेईल. इतकं सगळं होऊनही वाटत होतं.

"आज उपास हाय माझा, ताई," अनिता म्हणाली.

"पान्याचा बी?"

मावशीने ते पाणी स्वतः पिऊन टाकलं, नळाखाली पेला विसळला आणि होता तिथे पालथा ठेवला. आम्ही दाराबाहेर पडलो तेव्हा मागून गवराबाई कुणाला तरी सांगत होती, "त्यो पेला बाजूला काढ गं." ती हळूच म्हणाली होती, पण आम्हाला ऐकू आलं.

वस्तीत कळल्यावर जे व्हायचं ते झालं. माणसं जमली, आवाज चढले. पोलिसांत जाऊ असं म्हणणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे होते. दुसऱ्या दिवशी जयसिंगने टेम्पो पाठवला, त्यात सगळी पोती आणि वर पेढ्यांचा खोका. गैरसमज झाला, आपापल्या वस्तू बघून घ्या, असा निरोप होता. आणि लोकांनी बघून घेतल्या. खोटं कशाला सांगू, समई परत मिळाली म्हणून काहींना बरंच वाटलं. मीही माझी परात घेतली. पेढा खाल्ला नाही, एवढाच माझा पराक्रम. मग तक्रार करायची ती कशाची? मावशी म्हणाली, "भांडी परत दिली म्हनून लिहून देणार का?"

मी तेजलला फोन केला. ती धावत आली आणि मावशीच्या ओट्यावर बसून रडली. तिला काही माहीत नव्हतं यावर माझा विश्वास आहे. पण डोळे पुसून झाल्यावर ती म्हणाली, "काकू, हे आणखी तीन गावांत सुरू होतंय. आपली घागर बघून लोक तयार झालेत. आता हे बाहेर आलं तर सगळंच थांबेल. संदेश तर चांगलाच आहे ना?"

"मंग तिच्यावर तेवढं लिव्हा," मावशी म्हणाली. "हिच्यात वस्तीतलं एक बी भांडं न्हाई म्हनून. बाकीचं ऱ्हाऊ द्या चांगलं."

तेजल म्हणाली, बघते. अजून बघतेच आहे. मुंबईच्या प्रदर्शनातला तो खांद्यावरच्या हाताचा फोटो तिने काढला की नाही, तेही मला माहीत नाही.

जयसिंगला मी रोज शिव्या घालायचे. एकदा मावशीने मला थांबवलं. "त्याचा मला राग न्हाई," ती म्हणाली. "तो कवा माझ्या डब्यातलं खाऊन गेला न्हाई." त्यानंतर ती या विषयावर माझ्याशी फार बोलली नाही.

कंपनीत दोघी अजून त्याच कोअर शॉपमध्ये आहेत. जेवायच्या सुट्टीत मावशी आता पाण्याच्या टाकीशी एकटी बसते. अनिता पहिले काही दिवस तिच्याजवळ येऊन भाकरी ठेवून जायची. मावशी ती भाकरी उचलायची नाही आणि फेकायचीही नाही. सुट्टी संपली की भाकरी तिथेच पडलेली असायची. मग अनिताने ठेवणं बंद केलं. हे मला दुसऱ्या एका बाईने सांगितलं. सोजरबाईची घागर मावशीने घरात फळीवर ठेवली आहे. पाणी भरत नाही. भर की, असं मी दोनदा म्हटलं, तर म्हणाली, कुणासाठी?

चौकातली घागर आता काळी पडली आहे. तोटीपाशी हिरवं चढलंय. आठ महिने ती कोण घासत होतं हे गावठाणात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पितळ आपोआप चमकतं असं त्यांना वाटत असावं. पाणी मात्र सगळे पितात, आमच्या वस्तीतलेसुद्धा. उन्हात तहान लागल्यावर कोण विचार करत बसतं.

गेल्या आठवड्यात मी मावशीला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. परत येताना चौकात रिक्षा सोडली. पहिली पाळी सुटली होती. कंपनीचा निळा शर्ट घातलेला एक माणूस घागरीखाली पेला धरून उभा होता, गावात नवीनच दिसत होता. एवढी मोठी घागर बघून त्याला नवल वाटलं असावं. मावशी त्याच्या शेजारून चालली होती, म्हणून त्याने तिलाच विचारलं, "मौसी, किसका है ये?"

मावशी थांबली.

"गाववालों का है," ती म्हणाली.

तो बिचकला. भरलेला पेला तसाच हातात धरून म्हणाला, "तो हम पी सकते हैं ना?"

"पियो," मावशी म्हणाली. "तुम पियो. तुमको चलता है."

आणि उन्हासाठी पदर डोक्यावर ओढून ती वस्तीकडे वळली. मी तिला विचारलं, मावशी, तुला तहान नाही लागली? ती म्हणाली, घरी जाऊन पिऊ.